नव्या गाडीचं भांडण आणि वकीलबाई

नवी कोरी गाडी, आणि चढावर गिअर बदलताना धाडकन झटका. डीलरचं उत्तर ठरलेलं: "सॉफ्टवेअर अपडेट केलंय, आता चालवून बघा." कंटाळून एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी माझी कैफियत ऐकून घेण्याआधी सगळी जॉबकार्डं (दर खेपेला गाडीची तक्रार आणि केलेलं काम लिहिलेले डीलरकडचे कागद) मागितली आणि पेन्सिलीने एकच वाक्य अधोरेखित करत गेल्या: 'दोष आढळला नाही'. मग म्हणाल्या, "यापुढे तक्रार तुमच्या शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसकट लिहिल्याशिवाय सही करायची नाही." पुढे सगळं प्रकरण याच कागदांवर उभं राहिलं. नोटीस डीलर आणि कंपनी, दोघांनाही धाडली. नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी अहवालही घेतला, कारण दोष मुळात उत्पादनातलाच आहे हे बहुतेकदा आपल्यालाच दाखवावं लागतं. कंपनी वाढीव वॉरंटीवर भागवू पाहत होती. बाई 'गाडी बदलून द्या नाहीतर पैसे परत' यावरून हलल्या नाहीत. पैसे मिळाले, वापरापोटी थोडी रक्कम कापून. (ती कपात मला अजून खुपते.)

फी आधीच लेखी सांगतात. फोन मात्र उचलत नाहीत. मेसेज टाकायचा आणि वाट बघायची.