दोन कोल्हे: एक बर्फातला, एक वाळूतला
ध्रुवीय प्रदेश आणि वाळवंट यांतील फरक कोल्ह्यांच्या कानांवर स्पष्ट दिसतो. सहारातील फेनेक कोल्हा जेमतेम दीड किलोचा असूनही त्याचे कान 15 सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि त्यांतील रक्तवाहिन्यांवाटे शरीरातील उष्णता बाहेर पडते, तर आर्क्टिक कोल्ह्याचे आखूड, गोलसर कान, तोकडे पाय आणि दाट केस तीच उष्णता आत राखून ठेवतात. गंमत अशी, की तळपायांवर केस मात्र दोघांच्याही असतात. एकाचे बर्फापासून रक्षण होते, दुसऱ्याचे तापलेल्या वाळूपासून. फेनेक दिवसा बिळात राहून रात्री बाहेर पडतो आणि बरेचसे पाणी भक्ष्यातूनच मिळवतो. आर्क्टिक कोल्हा बहुधा हिवाळ्यात पांढरा, उन्हाळ्यात तपकिरी होतो. फेनेकचा वाळूसारखा रंग बारमाही टिकतो.