फिल-फ्लॅटची जोडी: कामाची आहे, पण जपून

जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग (मजकूर) हवी तितक्या वेळा जोडून देणारं रिपीट २०१५ पासून आहे, ॲरेला (मूल्यांच्या यादीला) मात्र तसं काही अजून नाही. पायथनवाले लिस्टला ३ ने गुणतात आणि मोकळे होतात. इथे [२] ला ३ ने गुणलं तर ६ येतात आणि [१, २] ला गुणलं तर नॅन, म्हणजे ‘ही संख्या नाही’. एररसुद्धा नाही!

माझं काम चार्टचं. पॅलेटमध्ये रंग चार, खांब बारा; म्हणजे तेच रंग त्याच क्रमाने तीनदा हवेत. त्यासाठी ॲरे(३).फिल(रंग).फ्लॅट() ही ओळ मला पसंत आहे: ॲरे(३) तीन जागा करतं, फिल प्रत्येक जागी रंगांचा ॲरे ठेवतं आणि फ्लॅट ते तिन्ही एका सलग ॲरेत उलगडतं. नवख्यालाही वाचून कळते. फ्लॅट २०१९ च्या आवृत्तीत आलं. ते एकच थर सोलतं, त्यामुळे रंगांच्या जागी छोटे ॲरे असले तरी ते शाबूत राहतात.

खोट आहे ती फिलमध्ये. ते प्रती काढत नाही, तीच वस्तू प्रत्येक जागी ठेवतं. रंग साध्या स्ट्रिंग असतील तर काही बिघडत नाही. पण रंग आणि पारदर्शकता असे ऑब्जेक्ट ठेवले, की पहिला खांब फिका केल्यावर पाचवा आणि नववाही फिका पडतो. फिलऐवजी मॅप (प्रत्येक घटकावर आपलं फंक्शन चालवणारं) लावावं म्हटलं तर ॲरे(३) मध्ये नुसती भोकं असतात, मॅप ती ओलांडून जातं आणि आपलं फंक्शन एकदाही चालत नाही. ॲरे.फ्रॉमला (दिलेल्या लांबीचा ॲरे बनवणाऱ्या फंक्शनला) लेंग्थ ३ द्यायची, आतल्या फंक्शनमध्ये दर वेळी स्ट्रक्चर्डक्लोन (आतल्या ऑब्जेक्टसकट पूर्ण प्रत) करायचं आणि वर फ्लॅट, तेव्हा कुठे प्रती सुट्या होतात.

खांब तेरा झाले की मात्र ही जोडी अडते, कारण ती पूर्ण फेऱ्याच देते. तिथे माझी पसंती मॉड्युलोला, म्हणजे भागाकाराची बाकी देणाऱ्या % ला: ॲरे.फ्रॉमला लेंग्थ १३ द्यायची आणि प्रत्येक जागेसाठी रंग[आय % रंग.लेंग्थ] उचलायचा (आय म्हणजे जागेचा क्रमांक). फ्लॅटची गरजच उरत नाही. ऑब्जेक्ट इथेही सामाईकच राहतात, ते विसरू नका.

फिल-फ्लॅटला पाचपैकी साडेतीन, मॉड्युलोला साडेचार. अर्धा गुण कापला तो फ्रॉमच्या गप्प बसण्याबद्दल. खांबांची संख्या वजाबाकीतून उणे आली तर ॲरे(-१) तिथल्या तिथे रेंजएरर (संख्या मर्यादेबाहेर असल्याची चूक) देतं. फ्रॉम निमूट रिकामा ॲरे हातात ठेवतं आणि चूक शोधत बसावं लागतं आपल्याला.