१४४१६ ला (टेलीमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) फोन केला होता, त्याचा अनुभव

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी पाच, आणि मी उगाच पाच देणाऱ्यातली नाही.

पोरगा अकरावीत, क्लास गंगापूर रोडला. दिवाळीनंतर गप्पगप्प व्हायला लागला. रविवारची मिसळ आमच्याकडे कधी चुकत नाही तर हा म्हणे तुम्ही जा, मला भूक नाही. रात्री अडीचला लाइट चालू, सकाळी उठता उठेना. मी म्हटलं वय आहे, मोबाइल आहे, होईल ठीक. मग एक दिवस त्याने स्वतःची बॅट, जिला कुणाला हात लावू द्यायचा नाही ती, भाच्याला देऊन टाकली, वर म्हणे मला आता काय करायचीय. भाचा खूश, माझ्या पोटात गोळा.

एका क्लिनिकला फोन केला (नाव नको), अकरा दिवसांनंतरची अपॉइंटमेंट. जाऊबाई आशा वर्कर आहे, तिने हा टेलीमानसचा नंबर दिला. सरकारी आहे, २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास. मला वाटलं नुसती कॅसेट वाजेल. रात्री पावणेअकराला गॅलरीत उभं राहून लावला, मराठी निवडलं आणि खरंच एक मॅडम बोलल्या.

उपदेश नाही. किती दिवस झाले, झोप कशी, मरण्याबिरण्याचं काही बोलला का, आणि घरात औषधं काय काय आहेत. तिथे मी गार पडले, कारण दिरांची पिंपळगावला द्राक्षबाग आणि फवारणीचे डबे आमच्या जिन्याखाली. म्हणाल्या आजच्या आज घराबाहेर हलवा, तुमच्या बीपीच्या गोळ्याही कुलपात. ह्यांनी रात्रीच गाडी काढली. तरी ह्यांना धास्ती पोलीस केसची, अहो बोलण्याची कसली केस, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर जीव द्यायचा प्रयत्न केलेलाही तणावाखाली होता असं धरून शिक्षा करत नाहीत.

दुसरं म्हणजे त्याला सरळ विचारा म्हणाल्या, जीव द्यावासा वाटतो का. मी म्हटलं मॅडम, नसेल डोक्यात तर मीच घालायचं का? तर म्हणे विचारल्याने शिरत नाही, असलं तर बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर ओरडू नका, शपथा घालू नका, एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.

दुसऱ्या दिवशी मटार सोलताना विचारलं, त्याच्याकडे न बघता, नाहीतर माझंच धाडस झालं नसतं. बराच वेळ नुसता शेंगा सोलत बसला. मग म्हणाला, "कधी कधी." आणि रडला, लहानपणी रडायचा तसा, नाक पुसत. मी काही बोलले नाही, जवळ घेतलं. संध्याकाळी डॉक्टरांकडे.

आता दर पंधरा दिवसांनी जातो. क्लासची एक बॅच कमी केली, सरांनी तोंड वाकडं केलं, करू दे. मागच्या रविवारी मिसळीला आला, तर्री कमी म्हणून कुरकुरला पण. बॅट मात्र भाचा परत देत नाहीये, नवीन घ्यावी लागणार बहुतेक.