अनेकार्थी इंग्रजी शब्दांचं फ्रेंच: वर्डरेफरन्स की लिंग्वी?

इंग्रजीतला 'फाइल' घ्या. फ्रेंचमध्ये कागदपत्रांची फाइल 'दोसिए', कॉम्प्युटरमधली 'फिशिए' आणि सुताराची कानस 'लीम'. पहिले दोन शब्द पुल्लिंगी, तिसरा स्त्रीलिंगी. म्हणजे शब्द चुकला की बऱ्याचदा त्यामागचं विशेषणही चुकतं.

अशा वेळी वर्डरेफरन्स हा ऑनलाइन शब्दकोश बरा पडतो. तिथे प्रत्येक अर्थापुढे तो कुठला, हे थोडक्यात लिहिलेलं असतं, लिंगही दिलेलं असतं. नवशिक्याने डोळे झाकून इथूनच सुरुवात करावी.

२००९ साली आलेल्या लिंग्वी या संकेतस्थळाचा खाक्या वेगळा. मूळ मजकूर आणि माणसांनी आधीच केलेलं त्याचं भाषांतर तो समोरासमोर मांडतो, निवड तुमची. शब्द सुटा नसून दुसऱ्या शब्दाच्या जोडीने येतो तेव्हा लिंग्वीची खरी मजा. 'रन'चं फ्रेंच 'कुरिर' हे शाळेत पाठ होतं, पण कंपनी 'रन' करायची तर 'दिरिजे', चाचणी 'रन' करायची तर 'एफेक्त्युए', आणि नाक वाहत असेल तर 'कुले'. पहिल्या दोन जोड्या लिंग्वीवर भराभर सापडतात. वाहत्या नाकाचं तिथे काही खरं नाही, कारण त्याच्या साठ्यात युरोपीय संघाची वगैरे सरकारी कागदपत्रं भरपूर. डॉक्टरची 'अपॉइंटमेंट' शोधायला जावं, तर 'राँदेव्हू'ऐवजी एखाद्या आयुक्ताच्या नेमणुकीचं 'नोमिनासियों' पुढ्यात यायचं!

मला विचाराल तर अर्थ वर्डरेफरन्सवर पक्का करावा. कामाचं पत्र किंवा अहवाल असेल तरच पुढे लिंग्वी उघडावं. घरगुती बोलण्यासाठी त्याच्या नादी लागू नये.