चिनी शिकावं की पलटणीतच राहावं?

लष्करात मेजर व्हायला टेकलेल्या मुलांचे फोन येतात ते बहुधा याचसाठी. खडकवासल्याला एनडीएत चिनी घेतलेली असते, गोडी लागलेली असते. आता पचमढीच्या लष्करी संस्थेतल्या चिनीच्या लांब कोर्सला नाव द्यायचं की कंपनी कमांडच्या, म्हणजे शंभरेक जवानांच्या तुकडीच्या नेतृत्वाच्या, मागे लागायचं? मी दोन्ही केलं. आधी भाषा, मग कंपनी. क्रम चुकला असं वाटतं.

भाषेची मजा वेगळीच, ती नाकारत नाही. सीमेवरच्या एका बैठकीत समोरच्या अधिकाऱ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, ‘यानच्यू यानच्यू’. शब्दाला शब्द लावला तर ‘अभ्यास करू’. खरा अर्थ आपल्या ‘बघू या’सारखा, म्हणजे नाही. परतताना जिप्सीत मी साहेबांना तसं सांगितलंही. पण इतिवृत्तात ‘चिनी बाजू विचार करणार आहे’ असंच गेलं. तक्रार कुणाकडे करणार? तंबूत अनुवाद मीच तसा केला होता.

वर्षअखेरीस एसीआर, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल, आला. लिहिणारे साहेब सज्जन होते, पण चिनीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. सगळ्या कामाची एक ओळ: भाषेवर चांगलं प्रभुत्व. हे त्यांनी कशावरून ठरवलं? बहुतेक मी बोलताना अडखळत नव्हतो यावरून. त्याच काळात माझे कोर्समेट कंपन्या चालवत होते. त्यांचं फायरिंग, त्यांच्या गस्ती, त्यांच्या जवानांच्या रजांचे घोळसुद्धा सीओच्या, म्हणजे पलटणीच्या प्रमुखाच्या, डोळ्यांसमोर. कर्नलच्या बढतीसाठी ३ नंबरच्या निवड बोर्डापुढे फाइल जाते तेव्हा वजन कमांडच्या रिपोर्टला असतं. मी पलटणीत परतलो तो एवढ्यासाठीच.

अमेरिकी सैन्याने ही गाठ १९९७ च्या फेररचनेत बरीचशी सोडवली. त्यांचा फॉरेन एरिया ऑफिसर, म्हणजे परदेशाचा आणि तिथल्या भाषेचा जाणकार अधिकारी, ही स्वतंत्र वाट झाली. चिनीवाला माँटेरेच्या लष्करी भाषा-शाळेत ६४ आठवडे भाषा शिकतो आणि पुढे बढतीसाठी बटालियन कमांडरांशी नाही, आपल्यासारख्याच विशेषज्ञांशी स्पर्धा करतो. आपल्याकडे असा वेगळा केडर नाही.

थिएटर कमांड, म्हणजे एका भागातली तिन्ही दलं एकाच मुख्यालयाखाली, आल्या की हे बदलेल, असं २०२० मध्ये सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांचा संयुक्त प्रमुख, हे पद आल्यापासून ऐकतोय. चीनलगतची ३,४८८ किलोमीटरची सीमा एका छत्राखाली आली तर चिनी जाणणारा तिथेच टिकेल, वाळवंटात बदली होऊन त्याची भाषा गंजणार नाही. शक्य आहे. पण मुख्यालयं एकत्र होतात तेव्हा तीन खुर्च्यांची एक होते, आणि पाठीशी कुणी नसलेली खुर्ची आधी जाते. शिवाय टेरिटोरियल आर्मीने, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून सेवा करणाऱ्यांच्या राखीव दलाने, चिनीचे जाणकार बाहेरून घेतले आहेत, म्हणजे दुभाष्याच्या खुर्चीवर तुम्हीच हवे असंही नाही. रायफल कंपनीला मात्र कमांडर लागतोच, मग वरची रचना कशीही असो.

माझं ऐकाल तर आधी कंपनी, तिचा रिपोर्ट हातात पडू द्या, मग चिनी. वयामुळे अक्षरं डोक्यात बसायला वेळ लागेल, हे खरं. ज्याला बढतीचं फारसं नाही त्याने खुशाल आधी भाषा घ्यावी, त्याला माझं म्हणणं लागू नाही. चौकोनी रकान्यांच्या माझ्या वह्या अजून ट्रंकेत आहेत. कोर्सला नाव लागलं की येऊन घेऊन जा.