५०० तासांचं सर्टिफिकेट, सात दिवसांचा माल

भोसरीत गुरुवारची सुट्टी, म्हणून २४ जुलैला मी घरीच होते. दुपारी पार्टीचा, म्हणजे आमच्या गिऱ्हाइकाचा, फोन आला. "ताई, व्हॉट्सॲप बघा जरा." फोटोत आमच्याच वर्कशॉपमध्ये केलेली ॲल्युमिनियमची काळी पेटी होती, गुहागरच्या बाजूला कुठेतरी खांबावर बसवलेली. चारही स्क्रूंभोवती पांढरं काहीतरी साचलेलं. आधी वाटलं, पक्ष्याची घाण असेल. मग दुसरा फोटो आला, तिसरा आला. इतके पक्षी इतक्या नेमाने स्क्रूवरच बसणार नाहीत.

दोन दिवसांनी एक पेटी पार्सलने हातात आली. जुन्या भिंतीला लोणा धरतो ना, तसा तो थर होता. नखाने खरवडला तर भुगा पडला आणि खाली सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली, एकाशेजारी एक. मे महिन्यात बसवलेला माल, जुलैत ही अवस्था.

आमचं वर्कशॉप लहान आहे. दोन व्हीएमसी, एक सीएनसी लेथ ही संगणकावर चालणारी यंत्रं आणि बाबांचा जुना लेथ, जो ते विकू देत नाहीत. ही पार्टी हवामान मोजणाऱ्या यंत्रांच्या पेट्या आमच्याकडून करून घेते. माल ६०६१, टी-६, हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. आत ६४ मिमीचा बोअर, म्हणजे गोल भोक, त्यात पाणी अडवणारी रबरी ओ-रिंग बसते. माल कोकण किनाऱ्यावर लागणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलं होतं: काळं ॲनोडायझिंग, २५ मायक्रॉन, सीलिंगसह, आयएस १८६८ प्रमाणे. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग, आणि आयएस १८६८ हे ॲनोडायझिंगचं भारतीय मानक.

ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तांबडा चढत नाही, एवढंच खरं. त्याच्या अंगावर ऑक्साइडचा थर आपोआप धरतो, पण तो असतो जेमतेम काही नॅनोमीटरचा. पुण्याच्या हवेत तेवढ्यावर भागतं. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड मात्र तो थर जागोजागी फोडतं आणि आत शिरतं. त्यात स्क्रू स्टेनलेसचे असले की दोन धातूंमधल्या ओलाव्यामुळे छोटी बॅटरीच तयार होते आणि झिजायचं काम ॲल्युमिनियमच्या वाट्याला येतं. म्हणून ॲनोडायझिंग करायचं: गंधकाम्लाच्या बाथमध्ये जॉब टांगून वीज सोडायची आणि तोच ऑक्साइड हजारो पटींनी जाड करायचा. हा थर सच्छिद्र असतो, त्या छिद्रांत काळा रंग बसतो, आणि शेवटी उकळत्या पाण्यात सीलिंग केलं की छिद्रांची तोंडं मिटतात. सीलिंग चुकलं तर रंग दिसतो झकास, पण खारं पाणी आत जायला वाट मोकळी.

हे मी आज धडाधड लिहितेय. फेब्रुवारीत यातलं निम्मंही मला माहीत नव्हतं, आणि इथेच फसले.

आमचा नेहमीचा प्लेटिंगवाला नगाला ३४० रुपये घ्यायचा. हा नवा माणूस ओळखीतून आला, गोड बोलणारा, २१० म्हणाला. १८० नग होते, म्हणजे २३,४०० रुपयांची बचत. त्याने सँपल म्हणून तीन नग करून दिले. ते आम्ही बाहेरून तपासून घेतले आणि ते खरंच २५ मायक्रॉनचे निघाले. हे मुद्दाम सांगतेय. सँपल खोटं नव्हतं. त्या तीन नगांवर त्याने मनापासून काम केलं होतं.

४ मार्चला माल चलनावर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, गेला, १२ तारखेला परत आला. प्रत्येक नग टिश्यूपेपरमध्ये गुंडाळलेला, खोक्यात थर लावून रचलेला. तो स्वतः आला होता, जाडी मोजायचा गेज घेऊन. वरच्या थरातला एक नग उचलला, गेज टेकवला: २६. दुसरा: २५. तिसरा: २७. मी खूश. नग त्याने उचलले, मी नाही, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. वरच्या थरात त्याने तेच तीन सँपल नग ठेवले होते, हे मला जुलैत कळलं. त्यांच्या तळाला आमच्या वर्कशॉपमधल्या पोराने पंचने ठिपका मारून ठेवला होता.

गेजबरोबर सर्टिफिकेट होतं. रंगीत छपाई, लॅबचा शिक्का, लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं चिन्ह, "सॉल्ट स्प्रे टेस्ट, ५०० तास, समाधानकारक". म्हणाला, "ताई, ५०० तास म्हणजे समुद्रावर पाच वर्षं धरून चाला." असं कुठलंही गणित नसतं. या टेस्टच्या बंद पेटीत ३५ अंशांवर पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सतत सोडतात, एका लॉटची दुसऱ्या लॉटशी तुलना करायला. त्याचे तास करून समुद्रावरची वर्षं काढता येत नाहीत. पण मी मान डोलावली आणि चहा मागवला.

बाबा कोपऱ्यात बसले होते. एवढंच म्हणाले, "बोअर मोजलास का?"

मी म्हटलं, "बाबा, मशिनिंगला मोजलाय ना."

ते पुढे काही बोलले नाहीत. बोलले असते तर तीन लाख वाचले असते, असं मी त्यांना नंतर चिडून म्हटलंही. पण चूक माझी होती.

फोटो आले त्याच संध्याकाळी सुट्टी असून बाबांनी गाळा उघडायला लावला. दुसऱ्या लॉटचे १२० नग तसेच पडून होते, ५ जुलैला त्याच माणसाकडून आलेले. बाबांनी बोअर गेज काढला. आम्ही बोअर ६४.०३० ला ठेवून माल पाठवला होता. ॲनोडायझिंगचा थर सगळा बाहेर वाढत नाही; साधारण दोन भाग धातूच्या आत जातो, एक भाग बाहेर येतो. २५ मायक्रॉनचा थर असेल तर प्रत्येक बाजूने आठेक मायक्रॉन वाढायला हवेत, म्हणजे बोअर सोळा-सतरा मायक्रॉनने लहान व्हायला हवा. बाबांनी दहा नग मोजले. ६४.०३१, ६४.०३०, ६४.०२९. गेला तेवढाच परत आलेला.

मग पांढऱ्या फडक्यावर स्पिरिट घेऊन एक नग जोरात घासला. फडकं काळं झालं. सीलिंग झालेलं असतं तर रंग असा सुटला नसता. नग बाहेर उन्हात धरला तर काळ्यात जांभळट झाक दिसली. थर पातळ असला की काळा रंग गडद बसत नाही. ट्यूबलाइटखाली हे कधीच दिसलं नसतं.

इथे एक धोक्याची गोष्ट. माल आल्यावर आमच्या पोराने मल्टिमीटर लावून पाहिला होता, बीप वाजली नव्हती, म्हणून "ॲनोडायझिंग पक्कं आहे" असं आम्ही धरून चाललो. ऑक्साइडमधून वीज जात नाही हे बरोबर, पण सात मायक्रॉनमधूनही जात नाही. मल्टिमीटर थर आहे एवढं सांगतो, किती आहे ते नाही.

रात्री जेवण झाल्यावर मी पहिल्या लॉटचं सर्टिफिकेट घेऊन बसले. त्यावर आमच्या लॉटचा चलन नंबर छापलेला होता. तारीख ११ मार्च. माल गेला ४ मार्चला. मध्ये सात दिवस, म्हणजे १६८ तास, आणि त्यातच ॲनोडायझिंगही व्हायचं. ५०० तासांची टेस्ट म्हणजे २० दिवस आणि वर २० तास. इयत्ता चौथीचं गणित. साडेचार महिने तो कागद माझ्या फायलीत होता, मी पार्टीला त्याची कॉपी पाठवली होती, पार्टीने त्यांच्या फायलीत लावली होती. कोणीही भागाकार केला नाही.

सकाळी लॅबला फोन लावला, सर्टिफिकेटवरच्या नंबरवर नाही, एनएबीएलच्या वेबसाइटवर लॅब शोधून तिथल्या नंबरवर. लॅब खरी होती. रिपोर्ट नंबरही खरा होता. फक्त तो झिंक प्लेटिंग केलेल्या बोल्टांचा रिपोर्ट होता, भलत्याच कुणाच्या नावाचा. बाई फोनवर क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, हे आमच्याकडे या वर्षात तिसऱ्यांदा होतंय."

एक नग कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली जाडी काढून घेतली. सहा ते आठ मायक्रॉन.

यात त्याचा फायदा काय, हे मला नंतर एका जुन्या प्लेटिंगवाल्याने उलगडून सांगितलं. नेहमीच्या करंटला २५ मायक्रॉन चढायला पाऊण-एक तास जातो. सात मायक्रॉन पंधरा-वीस मिनिटांत होतात. वर सीलिंगला मायक्रॉनमागे दोन-तीन मिनिटं धरतात, म्हणजे तास-सव्वा तास पाणी उकळत ठेवायचं, हीटरचं बिल वेगळं. हे सगळं वगळलं की एका जिगच्या, म्हणजे जॉब टांगायच्या चौकटीच्या, वेळेत तीन-चार जिग निघतात. २१० रुपये त्याला स्वस्त नव्हते, भरपूर होते.

त्याच्याकडे गेले तेव्हा आधी तो हसला. "ताई, समुद्राची हवा आहे, ॲल्युमिनियम खाणारच." मग म्हणाला, "तुमचं मटेरियलच ६०६१ नाही." नशीब, बारच्या प्रत्येक लॉटचं सर्टिफिकेट आम्ही ठेवतो. तरी नग स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूत काय काय आहे ते सांगणाऱ्या तपासणीला, टाकला, ६०६१ च निघाला. ते दाखवल्यावर म्हणाला की सर्टिफिकेट सँपलचं आहे, ऑफिसातल्या मुलीने चुकून चलन नंबर टाकला. आणि मग एकदम स्वर बदलून: "दुसऱ्या लॉटचे माझे २५,२०० बाकी आहेत, ते कधी देताय?"

पैसे अडवले, तर ऑगस्टमध्ये त्याची नोटीस आली. तोही एमएसएमईत, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांत, नोंदलेला. २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हा कायदा आपल्यासारख्या लहानांसाठीच आहे, मी स्वतः एकदा त्याचा आधार घेतलाय, त्यामुळे त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. पण त्यातच एक ओळ आहे, ती प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावी. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरतात. आमचा दुसरा लॉट ५ जुलैचा. पंधरा दिवस संपले २० तारखेला. फोटो आले २४ ला. चार दिवसांनी हुकलं. वकील म्हणाले, बनावट सर्टिफिकेटमुळे आपली बाजू अजून उभी आहे, पण वेळेत केलेला एक ईमेल असता तर हे प्रकरण निम्म्यावर आलं असतं.

पोलिसांकडे अर्ज दिलाय, न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा. पोच मिळाली आहे. तिथल्या साहेबांनी मायक्रॉन म्हणजे काय ते नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, "म्हणजे रंग पातळ दिला, असंच ना?" मी म्हटलं, हो, असंच समजा.

खराब थर काढून पुन्हा ॲनोडायझिंग का नाही केलं, असं दोघा-तिघांनी विचारलं. पहिल्या लॉटला तर खड्डेच पडले होते. दुसऱ्याचा थर कॉस्टिकमध्ये उतरवता आला असता, पण त्याबरोबर धातूही जातो. बोअर मोठा होतो आणि ओ-रिंग सैल पडते. पाऊस मोजायच्या यंत्रात पाऊस शिरलेला कोणाला चालणार? त्यामुळे पहिल्या लॉटचे १८० नग नव्याने केले. नगाला १,४५० धरून २,६१,०००, त्यावर नवं ॲनोडायझिंग ६१,२००. हे सगळं २३,४०० वाचवायला गेल्यामुळे. पार्टीने संबंध तोडले नाहीत हे त्यांचं मोठेपण, पण आता प्लेटिंगवाला ते ठरवतात.

माल आला की आता खोकं मी तळातून उघडते. नग मी उचलते, आणि गेजचं झीरो आमच्याच मालाच्या, तसल्याच गोल, ॲनोडायझिंग न केलेल्या नगावर करायला लावते. सपाट पट्टीवर झीरो करून गोल अंगावर टेकवला तर गेज जाडी वाढवून दाखवतो. प्रत्येक लॉटमधला एक नग मी कापते. १,४५० चा नग कापताना पहिल्यांदा जीव खालीवर झाला. सर्टिफिकेटवर आधी तारखा बघते, मग शिक्का.

नवा लॉट सप्टेंबरात आला, ३४० च्या भावाने. बाबांनी तळातून एक नग काढला, बोअर गेज आत घातला, जरा डुलवला, काटा स्थिर होऊ दिला.

"सोळा कमी," म्हणाले, आणि गेज पुसून डब्यात ठेवला.