मोफत उपचार की खर्चात रुग्णाचा वाटा?
रुग्णाकडून थोडे पैसे घेतले की लोक उगाच दवाखान्यात येत नाहीत, असे नेहमी म्हटले जाते. अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात सुरू केलेल्या प्रयोगात काही कुटुंबांना उपचार पूर्ण मोफत मिळाले. इतरांनी ठरावीक मर्यादेपर्यंत २५, ५० किंवा ९५ टक्के खर्च स्वतः उचलला. वाटा भरणाऱ्यांच्या उपचारांवरचा एकूण खर्च घटला, पण गरजेचे आणि बिनगरजेचे असे दोन्ही उपचार गळाले. मला हीच बाब सर्वांत गंभीर वाटते, कारण काय टाळावे हे रुग्णाने ओळखायचे कसे? सरासरी आरोग्यात फारसा फरक पडला नाही, हे खरे. मात्र उच्च रक्तदाबाच्या गरीब रुग्णांचा रक्तदाब मोफत गटात अधिक आटोक्यात राहिला. निदान अशा आजारांची औषधे तरी मोफतच हवीत.